दुधाची भुकटी, व्हे आणि कस्टम्सचा कोड

मढ, पारगाव, ओतूर या पट्ट्यात सकाळी डेअरीवर दूध घालणाऱ्या कुणालाही फॅट आणि एसएनएफ समजावून सांगावे लागत नाहीत. गाईच्या दुधाला ३.५ आणि ८.५ हे आकडे लागले तर पूर्ण भाव, खाली आले तर कपात. परदेशातून येणाऱ्या दुग्धघटकांवर ड्युटी लावताना कस्टम्सवालेही जवळजवळ हेच करतात. पोत्यावर ‘प्रीमियम डेअरी ब्लेंड’ छापलेले असो नाहीतर आणखी काही, तिथे विचारले जाते ते एवढेच: फॅट किती, प्रथिने किती, लॅक्टोज किती, ओलावा किती, आणि दुधातले मूळचे काही काढून त्याच्या जागी दुसरे काही घातले आहे का. उत्तरावरून माल दराच्या कोणत्या खान्यात पडतो ते ठरते. दोन शेजारच्या खान्यांतला फरक कधी शून्य असतो, कधी मालाच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका.

जुन्नर-आंबेगावात हा विषय आता फक्त मोठ्या कारखान्यांचा राहिलेला नाही. मंचरजवळ अवसरी फाट्यावर पराग मिल्क फूड्सचा कारखाना आहे. चीज करताना निघणाऱ्या निवळीपासून व्हे प्रोटीन काढण्यापर्यंत त्यांची मजल गेली आहे. पण त्यांच्याकडे कर सल्लागार आहेत, हा लेख त्यांच्यासाठी नाही. आळेफाटा, नारायणगाव, मंचर इथे बेकरी, आइस्क्रीम, फ्लेवर्ड दूध, चॉकलेट, जिमवाल्यांसाठी प्रोटीन पावडर असे लहान उद्योग करणाऱ्यांसाठी आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांसाठी तो आहे. मुंबई-भिवंडीच्या व्यापाऱ्याकडून दहा पोती व्हे पावडर घेणे वेगळे आणि आपल्या नावावर न्हावा-शेव्याला कंटेनर उतरवणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात कोडची जबाबदारी तुमची. २०११ पासून सीमाशुल्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे आयातदार स्वतःच ड्युटीची आकारणी करतो. अधिकारी ती तपासतो. ‘सीएचएने (कस्टम्स एजंटने) जो कोड टाकला त्यावर सही केली’ हे उत्तर नोटीस आल्यावर टिकत नाही.

कोडची रचना

सीमाशुल्क दर कायदा १९७५ चा, त्याच्या पहिल्या अनुसूचीत सगळ्या वस्तूंची यादी आहे. पहिले सहा अंक जगभर सारखे, कारण ते जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या सामाईक पद्धतीतले. पुढचे दोन भारताचे. म्हणून न्यूझीलंडच्या किंवा पोलंडच्या पुरवठादाराने इन्व्हॉइसवर टाकलेले सहा अंक उपयोगी पडतात, पण ते पुरावा नाहीत. त्याच्या देशात त्या मालावर निर्यातीच्या वेळी काहीच ड्युटी नसते, त्यामुळे तो कोड निवडताना त्याने फार डोके लावलेले नसते.

दुग्धघटक मुख्यतः प्रकरण ४ मध्ये येतात. ०४०१ म्हणजे साधे दूध आणि साय, ०४०२ म्हणजे आटवलेले, भुकटी केलेले किंवा साखर घातलेले दूध, ०४०३ ताक-दही वगैरे, ०४०४ व्हे आणि दुधाच्या नैसर्गिक घटकांपासून केलेले इतर पदार्थ, ०४०५ लोणी आणि दुधाची इतर स्निग्धे, ०४०६ चीज. पण दुधातून निघालेली प्रत्येक गोष्ट इथेच सापडते असे समजू नका. शुद्ध लॅक्टोज साखरेच्या प्रकरणात, १७०२ मध्ये. केसिन आणि केसिनेट ३५०१ मध्ये. व्हेची दाट प्रथिने ३५०२ मध्ये. वनस्पती तेल घातलेली दूध भुकटी १९०१ मध्ये. चव, रंग, गोडी घातलेले प्रोटीनचे डबे २१०६ मध्ये. चीजसाठी लागणारे रेनेट ३५०७ मध्ये, विरजणाचे जंतू ३००२ मध्ये.

यातला कोणता क्रमांक लागू होतो हे ठरवण्याचे नियम अनुसूचीच्या सुरुवातीला दिलेले आहेत आणि पहिला नियम सगळ्यांत मोठा: शीर्षकाचे शब्द आणि प्रकरणाच्या टिपा काय म्हणतात ते पाहा. प्रकरणाच्या टिपा म्हणजे प्रकरणाच्या तोंडाशी बारीक अक्षरात छापलेला मजकूर. बहुतेक लोक तो ओलांडून थेट कोडच्या तक्त्याकडे जातात. दुग्धपदार्थांच्या बाबतीत निम्मे भांडण त्या बारीक अक्षरांतच मिटते. त्याखेरीज जागतिक संघटनेची स्पष्टीकरणे आहेत. ती कायदा नव्हेत, पण १९९५ साली वूड क्राफ्ट प्रॉडक्ट्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती वर्गीकरणाचा भरवशाचा आधार मानली.

दूध भुकटी: साठ टक्क्यांची भिंत

स्किम्ड मिल्क पावडरवर मूळ सीमाशुल्क ६० टक्के. त्यावर समाजकल्याण अधिभार, म्हणजे ड्युटीच्या दहा टक्के. शंभर रुपयांच्या मालाला ६६ रुपये इथेच लागले. आयजीएसटी वेगळा.

ही भिंत नेहमी नव्हती. उलट मुंबईचे दूध एके काळी बाहेरच्या भुकटीवर चाले. दारा खुरोडी यांनी १९४६ साली मुंबईत म्हशीच्या दाट दुधात भुकटीचे दूध आणि पाणी मिसळून ‘टोन्ड दूध’ काढले. स्वस्त दूध जास्त घरांत पोचवण्याची ती युक्ती होती. १९७० पासूनच्या ऑपरेशन फ्लडमध्ये युरोपातून देणगी म्हणून आलेली भुकटी आणि बटर ऑइल विकून देशातल्या दूध संघांसाठी भांडवल उभे राहिले. पुढे जागतिक व्यापार संघटनेच्या करारात भारताने या भुकटीवर शून्य ड्युटीचे वचन दिलेले होते, आणि ते अंगाशी येणार हे दिसल्यावर १९९९ मध्ये नव्याने वाटाघाटी करून ६० टक्के मिळवले. त्याच्या बदल्यात वर्षाला १०,००० टनांपर्यंत भुकटी १५ टक्क्यांनी येऊ देण्याचा कोटा मान्य केला. जून २०२० मध्ये हा कोटा खुला झाला तेव्हा टाळेबंदीमुळे आपल्याकडे दुधाचे भाव आधीच पडलेले होते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रभर दूध आंदोलन झाले. जून २०२४ मध्ये पुन्हा तेच घडले. एवढे सांगायचे कारण, कोटा कुणाला मिळतो हे अनेकांना माहीत नसते. तो एनडीडीबी, नाफेड, एमएमटीसी यांसारख्या नेमून दिलेल्या संस्थांमार्फतच येतो. ‘पंधरा टक्क्यांत माल सोडवून देतो’ असे कुणी दलाल सांगत असेल तर त्याच्याकडे वाटपाचा कागद मागा. पुढचे बोलणे बहुधा आपोआप थांबेल.

भुकटीतला फॅटचा आकडा १.५ टक्के. त्याच्या आत असेल तर ०४०२ १०, वर गेला आणि साखर नसेल तर ०४०२ २१, साखर असेल तर ०४०२ २९. ०४०२ १० आणि ०४०२ २१ वर ड्युटी तीच, म्हणून १.४ की १.६ यावर झोप घालवू नका. मात्र अन्नसुरक्षेच्या मानकात स्किम्ड पावडरची मर्यादा १.५ च आहे, तेव्हा एफएसएसएआयच्या तपासणीत तो दशांश तुम्हाला अडवू शकतो.

खरी गंमत ६० टक्क्यांतून निसटण्याच्या वाटांत आहे. पुरवठादार सुचवतो, ‘थोडी साखर घालून देतो, मग ती दूध भुकटी राहणार नाही.’ राहते. ०४०२ च्या शीर्षकातच साखर किंवा इतर गोडी घातलेले दूध धरलेले आहे. लेसिथिन लावून लवकर विरघळणारी केली, जीवनसत्त्व घातले, पाच टक्क्यांच्या आत स्टार्च घातला, तरी ती ०४०२ मध्येच राहते. गुठळ्या होऊ नयेत किंवा पुन्हा केलेले दूध नीट टिकावे म्हणून थोडेबहुत काही मिसळले तर पदार्थ बदलत नाही, असा जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या स्पष्टीकरणांचा सरळ सूर आहे.

लोण्याचा स्निग्धांश काढून पाम किंवा खोबरेल तेल घातले की मात्र पदार्थ बदलतो. प्रकरण ४ ची टीप सांगते की दुधाचा एखादा नैसर्गिक घटक काढून त्याजागी दुसरा पदार्थ घातला तर तो माल या प्रकरणात बसत नाही. तो १९०१ ९० मध्ये जातो आणि तिथे दर ३० टक्के, अधिभारासह ३३. आइस्क्रीम आणि चॉकलेट कोटिंगवाल्यांना फॅट-फिल्ड पावडर परवडते ती याच गणितामुळे. अधिकाऱ्यांनाही हे गणित पाठ आहे. तेव्हा अशा मालासोबत फॅटी ॲसिडचा तक्ता जोडा, ज्यातून तेल कोणते आणि किती हे दिसेल. आणि भारतात तुमच्या मालाच्या वेष्टनावर ‘दूध’ शब्द वापरताना हेच तेल आडवे येईल, हे आधी लक्षात घ्या. कस्टम्समध्ये वाचवलेले पैसे वेष्टन बदलण्यात जातात.

कोको घातलेला दुधाचा प्रीमिक्स १९०१ मध्ये तेव्हाच बसतो, जेव्हा कोको पाच टक्क्यांच्या आत असतो, तोही कोकोतला सगळा स्निग्धांश वजा करून मोजलेला. पाच किंवा वर गेला की १८०६.

व्हे: खरे भांडण इथे

निवळी आपल्याकडे पनीरवाले नाल्यात सोडत किंवा जनावराला पाजत. आता तिचे चार-पाच पदार्थ होतात आणि प्रत्येकाचा कोड वेगळा. नुसती वाळवलेली निवळी ०४०४ १० २०. मीठ काढलेली, लॅक्टोज काढलेली, प्रथिने वाढवलेली निवळीही ०४०४ १० मध्येच, कारण टिपेप्रमाणे घटक कमी-जास्त केलेली व्हेसुद्धा व्हेच. प्रथिने काढून उरलेली परमिएट पावडरही तिथेच. दर ३० टक्के.

लॅक्टोजचे प्रमाण वाढत गेले तर एका ठिकाणी रेषा येते. निर्जल लॅक्टोज म्हणून मोजलेले प्रमाण कोरड्या वजनावर ९५ टक्क्यांच्या वर गेले की तो माल १७०२ मध्ये, साखरेच्या प्रकरणात. इथे एक सापळा आहे. बाजारात येते ते बहुधा लॅक्टोज मोनोहायड्रेट, म्हणजे लॅक्टोजच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचा एक रेणू अडकलेला. शंभर ग्रॅम शुद्ध मोनोहायड्रेटमध्ये निर्जल लॅक्टोज ९५ ग्रॅम आणि पाणी ५. कुणी भोळेपणाने हिशोब केला तर ‘९५ च्या वर नाही’ असे निघते आणि शुद्ध लॅक्टोज व्हे ठरते. स्पष्टीकरणे म्हणतात, कोरडे वजन धरताना मोकळे पाणी आणि स्फटिकात अडकलेले पाणी दोन्ही वजा करा. मग ९५ ला ९५ ने भागून १०० टक्के येते. प्रयोगशाळेला अहवालात दोन्ही पाणी वेगळे दाखवायला सांगा. नुसता ‘ओलावा ०.३ टक्के’ लिहिलेला कागद पुरत नाही.

दुसरी रेषा प्रथिनांची आणि ती जास्त तापदायक. दोन किंवा अधिक व्हे प्रथिनांचे कॉन्सन्ट्रेट, ज्यात कोरड्या वजनावर व्हे प्रथिने ८० टक्क्यांहून जास्त आहेत, ते ३५०२ २० मध्ये, दूध अल्ब्युमिन म्हणून. दर २० टक्के. आणि बाजारात सर्वांत जास्त खपणारी व्हे पावडर कोणती? डब्ल्यूपीसी (व्हे प्रोटीन कॉन्सन्ट्रेट) ८०. नावातच रेषा.

समजा, पुरवठादाराच्या विश्लेषण प्रमाणपत्रावर (सीओए) लिहिले आहे: प्रथिने ७७.५ टक्के, ओलावा ४.५ टक्के, दोन्ही पावडर आहे तशी तपासून. ‘८० पेक्षा कमी’ म्हणून ब्रोकर ०४०४ टाकतो. पण नियम कोरड्या वजनाचा आहे. ७७.५ ला ९५.५ ने भागा: ८१.१५. माल ३५०२ मध्ये. ओलावा तोच ठेवून प्रथिने ७६ असती तर कोरड्यावर ७९.६ आली असती आणि माल ०४०४ मध्येच राहिला असता. दोन्ही गोण्यांवर छपाई एकच, डब्ल्यूपीसी ८०.

आता आणखी एक पेच. प्रयोगशाळा प्रथिने सरळ मोजत नाही, नायट्रोजन मोजते आणि एका अंकाने गुणते. दुधाच्या प्रथिनांसाठी तो गुणक ६.३८, सर्वसाधारण अन्नासाठी ६.२५. वरची ८१.१५ टक्के ६.३८ ने आली असतील आणि दुसऱ्या प्रयोगशाळेने त्याच नायट्रोजनला ६.२५ ने गुणले, तर उत्तर ७९.५. माल तोच, नमुना तोच, ड्युटी बदलली. ५० लाखांच्या कंटेनरवर अधिभारासह ३३ टक्के म्हणजे साडेसोळा लाख, २२ टक्के म्हणजे अकरा लाख. साडेपाच लाखांचा फरक एका गुणकात. त्यामुळे मागणीपत्र देण्यापूर्वी पुरवठादाराशी तीन गोष्टी लेखी ठरवा: प्रथिने कोरड्या वजनावर, गुणक ६.३८, आणि किमान प्रमाण रेषेपासून बरेच लांब, म्हणजे ८२ च्या वर किंवा ७८ च्या खाली. ८०.२ चा माल मागवणे म्हणजे स्वतःहून नोटीस बोलावणे. प्रयोगशाळेच्या मोजणीतच तेवढा फरक पडतो.

अंकांखेरीज एक शब्दही पाहा: व्हे प्रथिने. दुधापासून थेट काढलेल्या मिल्क प्रोटीन कॉन्सन्ट्रेटमध्ये केसिनच जास्त असते. त्यात प्रथिने कितीही असोत, ते ३५०२ च्या ‘व्हे’ कसोटीत बसत नाही. दुधाचे नैसर्गिक घटकच आहेत पण प्रमाण बदललेले, अशा पदार्थांसाठी ०४०४ ९० आहे आणि साधारण एमपीसी तिकडे जाते. साध्या स्किम्ड पावडरमध्ये प्रथिने पस्तिसाच्या आसपास असतात. कुणी ‘एमपीसी ४०’ किंवा ‘४२’ देऊ करत असेल तर तो ६० टक्क्यांची भिंत उडी मारून ओलांडतो आहे, अशी शंका अधिकाऱ्याला येणारच. ती खोटी असेल तर गाळणीची प्रक्रिया कशी झाली याचा आराखडा दाखवून दूर करता येते. खरी असेल तर असा माल घेऊ नका.

तयार प्रोटीन डब्यांचे वेगळेच. चॉकलेटची चव, सुक्रॅलोज, पाचक एन्झाइम, मापाचा चमचा असे सगळे आले की ते ना व्हे राहते ना अल्ब्युमिन. ते २१०६ मधले अन्न मिश्रण. २१०६ ९० वरचा दर २०१८ च्या अर्थसंकल्पाने ३० वरून ५० केला. आपल्या भागातल्या तरुण उद्योजकांना माझा सल्ला इथे स्पष्ट आहे: डबे आणू नका, बिनचवीची पावडर पोत्यांत आणा आणि चव, मिश्रण, भरणी इथे करा. त्याहून बरे म्हणजे ती पावडर घाटावरच विकत मिळते का ते आधी पाहणे.

लोणी, चीज, केसिन

इथे थोडक्यात आटोपता येते. दूध स्निग्धांश ८० ते ९५ टक्के, पाणी १६ च्या आत आणि बिनस्निग्ध घनपदार्थ २ च्या आत असेल तर ०४०५ १० लोणी. ३९ ते ८० च्या दरम्यान असेल तर ०४०५ २० डेअरी स्प्रेड. बटर ऑइल आणि तूप ०४०५ ९०. लोण्यावर आणि बटर ऑइलवर दर ४० टक्के, म्हणून गोंधळ झाला तरी सहसा पैशाचा फटका बसत नाही. वनस्पती तेल मिसळले की पुन्हा प्रकरण ४ च्या बाहेर. केसिन ३५०१ १०, केसिनेट ३५०१ ९०, दर २० टक्के.

चीजच्या बाबतीत कोडपेक्षा रेनेट महत्त्वाचे. जनावराच्या जठरातले रेनेट वापरलेले चीज इथे येऊ देत नाहीत. निर्यातदार देशाच्या प्रमाणपत्रात तसे लिहिलेले लागते.

हे सगळे दर मूळ सीमाशुल्काचे आहेत आणि अर्थसंकल्पात किंवा मधल्या अधिसूचनेने बदलू शकतात. बिल ऑफ एंट्री ज्या दिवशी दाखल होते आणि जहाज ज्या दिवशी प्रवेश घेते, त्यातल्या नंतरच्या दिवसाचा दर लागतो. त्या दिवशीचा तक्ता पाहून घ्या. आयजीएसटी शीर्षकागणिक वेगळा असतो. त्याचे क्रेडिट मिळते म्हणून लोक तिकडे लक्ष देत नाहीत, पण तुमच्या तयार मालावर जीएसटी कमी असेल तर ते क्रेडिट साचून राहते आणि लहान उद्योगाचे खेळते भांडवल खाते.

अन्नाचा कायदा आणि दराचा कायदा

‘एफएसएसएआयच्या व्याख्येत हे आइस्क्रीम बसत नाही, मग कस्टम्सला कसे बसेल?’ असा युक्तिवाद बरेच जण करतात. २०१२ साली कनॉट प्लाझा रेस्टॉरंट्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर हाच प्रश्न होता, मॅक्डोनल्ड्सच्या दुकानांतल्या ‘सॉफ्ट सर्व्ह’बद्दल. कंपनीचे म्हणणे, यात स्निग्धांश आइस्क्रीमच्या अन्न मानकाहून कमी, तेव्हा हे ‘इतर दुग्धपदार्थ’. न्यायालयाने ते मानले नाही. भेसळ प्रतिबंधक कायद्यातली व्याख्या लोकांच्या आरोग्यासाठी असते, कर आकारणीसाठी नव्हे. गिऱ्हाईक ज्याला आइस्क्रीम समजून खाते ते आइस्क्रीम, असा निकाल लागला. तो उत्पादन शुल्काचा खटला होता, पण वर्गीकरणाची तर्कपद्धती तीच. मात्र जिथे टिपेतच टक्के दिले आहेत, तिथे लोक काय समजतात हे कामाचे नाही. व्हेच्या ८० टक्क्यांवर गिऱ्हाइकाचे मत कुणी विचारणार नाही.

दुसरा निकाल सवलतींबद्दल. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने दिलीप कुमार आणि कंपनीच्या प्रकरणात सांगितले की सवलतीच्या अधिसूचनेत अर्थ संदिग्ध असेल तर फायदा सरकारला. माल होता पशुखाद्य दर्जाचे ई जीवनसत्त्व, दावा होता कोळंबीच्या खाद्यावरच्या सवलतीचा, आणि ही आयात मुंबईतलीच. तेव्हा ‘अमुक उपयोगासाठी असेल तर दर कमी’ अशी अधिसूचना वापरायची असेल तर तिचा प्रत्येक शब्द तुमच्या मालाला लागू पडतो का ते पाहा. ओढाताण करून बसवलेली सवलत पुढे व्याजासह परत द्यावी लागते.

मुक्त व्यापार करारांचे तसेच. ऑस्ट्रेलियाशी २०२२ साली झालेल्या करारातून दुग्धपदार्थ वगळले, अशी बातमी आपण वाचतो. पण कोणत्याही करारात सवलतीची यादी कोडनुसार असते. प्रकरण ४ वगळले म्हणजे १९०१, ३५०१, ३५०२ ही शीर्षकेही वगळली, असे गृहीत धरू नका. उलटही गृहीत धरू नका. करारासोबतच्या तक्त्यात आपला आठ अंकी कोड शोधा आणि उगमाचे प्रमाणपत्र माल निघण्यापूर्वी मागा.

कागद आणि क्रम

आता अधिकारी समोर नसतो. २०२० पासून आकारणी चेहराविरहित आहे. न्हावा-शेव्याला उतरलेल्या तुमच्या व्हेचे कागद दुसऱ्याच बंदराचा अधिकारी तपासू शकतो. त्याला जाऊन भेटता येत नाही, समजावता येत नाही. कागदांनी स्वतः बोलले पाहिजे. म्हणून इन्व्हॉइसवर ‘मिल्क प्रॉडक्ट’ असे मोघम वर्णन येऊ देऊ नका. ‘व्हे प्रोटीन कॉन्सन्ट्रेट, बिनचवीचे, प्रथिने कोरड्या वजनावर ८३ टक्के, २० किलोच्या गोण्या’ असे पूर्ण वर्णन घ्या. सोबत लॉटनिहाय सीओए, घटकांची टक्केवारी, बनवण्याच्या प्रक्रियेचा एक पानी आराखडा. आणि एक पान तुमचे स्वतःचे: कोणती टीप, कोणता आकडा, म्हणून कोणते शीर्षक. मराठी-इंग्रजीची भीती नको, चार ओळी पुरतात.

अधिकाऱ्याने कोड बदलला आणि तुम्हाला तो मान्य नसेल तर लेखी मान्यता देऊ नका. मान्यता न देणाऱ्या आयातदाराला कलम १७(५) प्रमाणे पंधरा दिवसांत कारणांसह आदेश मिळायला हवा. त्यावर साठ दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे जाता येते. माल अडकून पडू नये म्हणून कलम १८ खाली तात्पुरती आकारणी करून, हमीपत्र देऊन माल सोडवता येतो आणि प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावर अंतिम हिशोब होतो. व्हेच्या बाबतीत मी हाच मार्ग सुचवीन.

चूक मागाहून सापडली तर खाते साधारण दोन वर्षांपर्यंत मागे जाऊ शकते; जाणूनबुजून खोटे वर्णन केले किंवा माहिती दडवली असे ठरले तर पाच वर्षे. व्याज वर्षाला १५ टक्के, आणि दडवल्याचे सिद्ध झाले तर बुडालेल्या ड्युटीएवढाच दंड. संपूर्ण माहिती कागदावर आधीच दिलेली असेल तर ‘दडवले’ हा आरोप लावणे खात्याला अवघड जाते. वर सांगितलेल्या त्या एका पानाची खरी किंमत तिथे कळते.

वर्षाला तीन-चार कंटेनर आणण्याचा विचार असेल तर सरळ आगाऊ निर्णय मागा. सीमाशुल्क आगाऊ निर्णय प्राधिकरण मुंबईत बॅलार्ड इस्टेटला बसते. अर्जाचे शुल्क १०,००० रुपये, निर्णय तीन महिन्यांत देण्याची कायद्यात तरतूद, आणि दिलेला निर्णय तीन वर्षे तुमच्यावर आणि खात्यावर दोघांवर बंधनकारक. अट एकच महत्त्वाची: तोच प्रश्न तुमच्या बाबतीत आधीच अधिकाऱ्यासमोर किंवा न्यायालयात पडलेला नसावा. म्हणजे पहिला कंटेनर मागवण्याच्या आधी अर्ज. प्राधिकरणाचे जुने निर्णय वाचायला मिळतात. तुमच्यासारखाच माल दुसऱ्या कुणी विचारलेला असतो. तो निर्णय तुम्हाला बंधनकारक नाही, पण अधिकारी कसा विचार करतो ते कळते.

शेवटी तारखांचे. दुग्धपदार्थांना केंद्राच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाचा स्वच्छता आयात परवाना लागतो आणि तो माल जहाजावर चढण्यापूर्वी हातात हवा. निर्यातदार देशाच्या पशुवैद्यकाच्या प्रमाणपत्रात हेही यावे लागते की त्या गाईंना रवंथ करणाऱ्या जनावरांचे अवयव किंवा रक्त असलेले खाद्य कधी दिलेले नाही. अमेरिकेशी आपले वर्षानुवर्षे अडले आहे ते याच अटीवर. चीनमधून दूध आणि दुग्धपदार्थ २००८ च्या मेलामाइन प्रकरणापासून बंद आहेत, कोड कोणताही टाका. आणि एफएसएसएआयच्या नियमाप्रमाणे माल बंदरात येताना त्याच्या आयुष्याचे ६० टक्के किंवा मुदत संपायला तीन महिने, यातले जे कमी असेल तेवढे शिल्लक असावे लागते. बारा महिने टिकणारे चीज असेल तर कारखान्यातून निघाल्यापासूनची समुद्रातली वाट, बंदरातली तपासणी आणि वादात अडकले तर जाणारे आठवडे, असे सगळे धरून उत्पादनाची तारीख आधीच ठरवून घ्या. आणि करारात लिहा की मुदतीच्या कारणाने माल नाकारला गेला तर परत नेण्याचा खर्च पुरवठादाराचा.